बाप जिता असताना

रविवार, २ नोव्हेंबर

साखर कारखान्यानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी होती. हिनं एकदा रांगोळीच्या नक्ष्या काढायला मागितली होती, दिली नाही. आज उघडली, कारण घरात काहीतरी शिजतंय आणि ते चुलीवर नाही. संशय डोक्यात ठेवला की वाढत जातो, कागदावर काढला की जागेवर बसतो, असं आमचे पलटणीतले साहेब सांगायचे.

तर संशय असा. यशराज, माझा एकुलता एक, शिरवळच्या कंपनीत कामाला आहे. दिवाळीला म्हणून आला तो अजून घरीच. विचारलं तर म्हणतो, "शिफ्ट बदलल्यात, आबा." शिफ्ट बदलली म्हणून कोण घरी बसतंय? बरं, घरी तरी बसतो का? सकाळी उठून तासगावची एसटी धरतो. शिरवळ कुठं, तासगाव कुठं! शिवाय कल्ले ठेवलेत, कानाच्या खालपर्यंत आलेले. मिशीही वाढवलीय झुपकेदार. मिशीचं मला वावडं नाही, पण एकदम एवढी कशाला?

"लग्नाचं बघायला लागलोय, म्हणून नटत असंल," ही म्हणाली. ही म्हणजे राही, माझी बायको. ती घाईघाईनं बोलली की काहीतरी झाकतेय, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तो अंघोळीला गेला तेव्हा त्याची बॅग तपासली. बापानं पोराच्या बॅगेत हात घालावा का, हा प्रश्न ज्यांच्या घरात सगळं ठीक आहे त्यांनी विचारावा.

बॅगेत काय निघालं? पायाशी हा एवढा घेर असलेली पँट, आम्ही शाळेत असताना गावातले शौकीन घालायचे तसली. मोठ्या कॉलरचा भडक शर्ट. आणि शर्टाच्या घडीत पिस्तूल.

आधी दाराला कडी घातली. पण हातात घेतलं आणि कळलं. माझं अख्खं आयुष्य हत्यारांत गेलं, वजन काही खोटं बोलत नाही. रबराचं होतं, वरून काळा रंग.

दुसरा कोणी असता तर देवाला हात जोडून मोकळा झाला असता. मी नाही झालो. खरं पिस्तूल बाळगणारा निदान सरळसरळ गुन्हेगार असतो. खोटं बाळगणारा म्हणजे लोकांना धाक दाखवून लुबाडणार, वर पुन्हा भित्रा. आमच्या घराण्यात आजवर दोन्ही नव्हते.

सगळं जिथलं तिथं ठेवलं. जेवताना मुद्दाम विषय काढला. "तासगावाकडं लय चोऱ्या व्हायला लागल्यात म्हणं."

"व्हय का," तो म्हणाला आणि भाकरी चुरत बसला. मान वर केली नाही. हिला मात्र ठसका लागला.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळीच भाऊसो आला. भाऊसो माझा चुलतभाऊ, त्याच्या पोटात पाणी पचेल पण बातमी पचणार नाही. "नाथाजी, एक सांगतो, राग धरू नगंस," अशी सुरुवात केली की समजायचं, राग यावा म्हणूनच आलाय.

काल संध्याकाळी हा आपल्या म्हशीला वैरण टाकत होता. आमच्या गोठ्यामागं यशराज एकटाच उभा राहून बोलत होता म्हणे. भाऊसोनं अर्थातच कान दिला. शब्द असे होते: "म्हाताऱ्याचा काटा निघाला की गादी माझी. तवर दम धरा." मग जरा थांबून तेच वाक्य हळू आवाजात. मग पुन्हा तेच, दात खाऊन.

"फोनवर असंल कुणाशी," मी म्हणालो.

"फोन न्हवता, गड्या. दोन्ही हात कमरंवर हुतं."

"आन् आमच्यात कसली गादी आलीया?"

"मला काय म्हाईत? तुझ्या पेन्शनीला गादी म्हणत असंल."

एवढं सांगून त्याचं पोट हलकं झालं, मग बाकीच्या बातम्या सुरू झाल्या. तासगावात कुणाच्या तरी बेदाण्याच्या शेडात पिक्चरचं शूटिंग लागलंय, पन्नास वर्षांपूर्वीच्या एका टोळीचा पिक्चर, जुन्या काळ्या मोटारी फिरतात, लोक ही गर्दी करतात. मी म्हटलं, भल्या माणसा, माझ्या घराला आग लागलीय आणि तू मला पिक्चर काय सांगतोस!

पोरगं माझ्याजवळ कधी नव्हतंच. मी पलटणीत, हा इथं आईजवळ. सुट्टीवर आलो की उंबऱ्यातून ओरडायचं, "आई, पावणं आलं!" निघायच्या दिवशी पाया पडायला हाक मारावी तर हा गवताच्या गंजीमागं लपलेला. बाहेर यायचं नाव नाही. आईला तेवढं तिथनंच विचारायचा, "आबांची सुट्टी संपली का?" मला ऐकू यायचं. जायची वाटच बघत होता, दुसरं काय. कॉलेजात नाटकात कामं करायचा, बक्षिसं आणायचा, तेही मी फोनवरच ऐकलं. तेव्हा माझ्या जायची वाट बघायचा, आताही बघतोय. फरक एवढाच की आता गेलो की परत यायचं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

संध्याकाळी कट्ट्यावर बसलो होतो. कधी नव्हे तो शेजारी येऊन बसला. चहापण स्वतः आणला.

"आबा, तब्येत बरी हाय न्हवं?"

"का रं? काय झालंय माझ्या तब्येतीला?"

"न्हाई, आपलं इचारलं." मग बराच वेळ पायानं माती उकरत बसला. "आजोबा गेलं तवा तुमी कुठं हुता?"

सांगितलं. वरती बर्फात होतो. तार पोचेपर्यंत इकडं माती होऊन गेली होती आणि रस्ते बंद. पलटणीच्या न्हाव्यानं एका रिकाम्या डब्यावर बसवलं, डोकं केलं, मिशी काढली. तापवलेलं पाणी अंगावर येईपर्यंत गार व्हायचं. बघायला कोणी नव्हतं, चौकीवरचं कुत्रं तेवढं समोर बसून होतं.

"रडला का, आबा?"

"त्या दिवशी पहाऱ्यावर हुतो."

"पर मिशीवर वस्तरा आला तवा काय वाटलं?"

आता हे काय बापाला विचारायचं असतं? मिशी काढणं म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला सांगावं लागत नाही. बाप जिवंत आहे तोवर मिशीला वस्तरा लावायचा नाही. पुण्या-मुंबईची पोरं लावतात, त्यांचं ते बघतील. आमच्या भावकीत अजून कुणी लावलेला नाही. डोकं आणि मिशी एकदम काढलेला माणूस रस्त्यानं चालला तर बायाबापड्या न विचारता समजतात, ह्याचा बाप गेला.

त्याला आणखी काही विचारायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं. "काय न्हाई," म्हणून उठून गेला. बाप मेल्यावर कसं वाटतं, याची आगाऊ चौकशी करून गेला कार्टा!

चहा मी जास्वंदीच्या बुडात ओतला. सावध असलेलं बरं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जास्वंदीला काही झालेलं नाही. तरी माणसाचं आणि झाडाचं वेगळं असतं.

शिरवळला कंपनीच्या गेटवर आमच्या पलटणीतला दादासो आहे, त्याला फोन लावला. पोरगं कामावर येतंय का, विचारलं. दादासो म्हणाला, "साहेब, ते तर दिवाळीपासनं बिनपगारी सुट्टीवर हाय. वडलांची तब्येत लय बिघडलीया म्हणून अर्ज दिलाय." मग आवाज बारीक करून म्हणाला, "तुमीच बोलताय न्हवं?"

मी म्हटलं, मीच बोलतोय, आता जरा उतार आहे.

पेन्शनीची कागदं असलेल्या ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला बांधली. ही बघत होती. "आवं, काय झालंय तुमाला?" म्हणाली. म्हटलं, "मला काय झालंय ते शिरवळच्या कंपनीला इचार." तर ती पदर तोंडाला लावून आत पळाली. हसत होती की रडत होती, ते काही दिसलं नाही. म्हणजे हिलाही ठाऊक आहे. एका घरात तिघं आणि त्यातले दोघं एका बाजूला. असा मोर्चा कोण जिंकणार?

रविवार, १६ नोव्हेंबर



सकाळी ज्योतिबाच्या दुकानात दाढीला गेलो. ज्योतिबाचा बाप माझ्या बापाची हजामत करायचा, हा माझी करतो. साबण लावून झाला आणि हा नुसताच उभा. म्हटलं, काय रे?

"साहेब, बोलू का नगं कळंना. काल यशराज आलता. म्हणला, गोटा कर आन् मिशी काढ. माझ्या हातनं वाटी पडली! म्हटलं, साहेबांस्नी काय झालं? कवा झालं? तर म्हणतो, कायबी न्हाई झालं, तू काढ. पाणी लावलं. वस्तरा टेकवणार तवर माझा हात धरला. म्हणला, नगं ज्योतिबा, मला न्हाई जमायचं. आन् उठून गेला. डोळ्यांत पाणी हुतं, साहेब."

साबण गेला असेल डोळ्यांत.

अर्धी दाढी तशीच ठेवून घर गाठलं. यशराज पायात चप्पल घालत होता.

"मी अजून जिता हाय!" म्हटलं. "ही छाती बघ, हालतीया. कुणाच्या नावानं डोकं करायला गेलतास?"

त्यानं चप्पल तिथंच सोडली. "आबा, मी तुमाला इचारणारच हुतो..."

"काय इचारणार? कवा मरताय म्हणून? शिरवळला तर मला अंथरुणावर टाकून आलास! आता तिरडी तेवढी बांधायची राहिलीया!"

त्यानं पुढं काही बोलायचा प्रयत्न केला, मी बोलू दिलं नाही. बापानं पोराला बोलू नये ते सगळं बोललो. तू माझा न्हाईसच, असंही बोललो. त्यानं बॅग उचलली आणि स्टँडकडं गेला. पाया पडायला वाकला होता, मी पाय मागं घेतले.

ही चुलीपुढं बसून राहिली. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अर्धी दाढी अजून तशीच आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज ही बोलली. आधी पुढ्यात ताट आदळलं, मग बोलली.

"समदं बोलून झालं का तुमचं? आता ऐका. त्यानं मला शपथ घातलीती, मीच सांगीन आबांना म्हणला हुता. पर तुमी तोंड उघडू देताय व्हय कुणाला!"

तर हकिगत अशी. तासगावचा तो टोळीचा पिक्चर. सांगलीला निवड होती, शेकडो पोरांतून ह्याला घेतलं. साधंसुधं काम नाही, टोळीच्या म्होरक्याच्या पोराचं. ती घेराची पँट, ते पिस्तूल, गोठ्यामागचं ते काटा काढायचं वाक्य, सगळं पिक्चरचं. कंपनीत सुट्टी मिळेना म्हणून माझी तब्येत बिघडवली. पिक्चरात शेवटी म्होरक्याला दुसरी टोळी मारते, मग पोरानं डोकं-मिशी काढून बापाच्या गादीवर बसायचं.

"आन् हितंच घोडं आडलं," ही म्हणाली. "ह्यो म्हणतो, माझं आबा हायत, मी मिशी काढणार न्हाई. रबराची टोपी घालून बघितली डोक्यावर, तर भोपळ्यावानी दिसाय लागला. आता ती माणसं म्हणत्यात, मंगळवारपातूर काढ, न्हाईतर पिक्चरातल्या पुतण्याला गादीवर बसवू, तुझं काम संपलं. चार दीस झालं तुमच्या मागंमागं करतोय. तुमच्या तोंडनं एकदा काढ म्हणून ऐकायचं हुतं त्याला. ज्योतिबाकडं गेला तर त्याच्यानं तेबी झालं न्हाई."

मी ताटावरून उठलो. मागची पानं काढून वाचली. जे जे घडलं ते सगळं बरोबर लिहिलंय, तरी वाचताना लाज वाटली.

पण पिक्चर झाला म्हणून काय झालं? मिशी ती मिशी. मी जिवंत असताना माझ्या पोराच्या ओठावर वस्तरा फिरणार आणि गावानं बघायचं? भाऊसोनं बघायचं? दुपारभर उसाच्या बांधावर बसून राहिलो. तोडकरी बाया विचारून गेल्या, पाणी पाहिजे का म्हणून. काढ म्हणणं माझ्या जिवावर येत होतं, काढू नकोस म्हणणंही. मग एक गोष्ट सुचली. बरोबर आहे का चूक, कुणाला विचारणार?

ज्योतिबाला सांगितलंय, उद्या मोटारसायकल आणि वस्तऱ्याची धोकटी घेऊन ये.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तासगावला पोचलो. शेडावर जुन्या वळणाच्या पाट्या लावलेल्या, पुढं दोन काळ्या मोटारी. आत खुर्चीवर एक मोठा नट बसला होता, धोतर, कोट, बोटांत अंगठ्या. यशराज त्याच्या पाया पडत होता. "आबा, तुमी काळजी करू नका," असं त्याला म्हणत होता.

तालीम होती हे कळत होतं. तरी जळलो. परवा ज्या पायांवर वाकला होता ते मी मागं घेतले होते, आणि आज हे पाय.

तिथल्या एका कामगाराला विचारलं, "ह्यो बाप करतो काय पिक्चरात?"

"मुडदे पाडतो की! पर पोरावर लय जीव. पोरगं बारीक हुतं तवा कायबी होऊ दे, सांजचं त्याला मांडीवर घेऊनच जेवायचा."

मी आयुष्यात एक गुन्हा केला नाही. आणि पोराला मांडीवर घेऊन जेवल्याचं मला आठवत नाही.

यशराजनं मला बघितलं आणि उभाच राहिला. मग धावत आला. मिशीला हात लावून दाखवत म्हणाला, "आबा, न्हाई काढली, बघा. ह्यास्नी सांगितलंय, पुतण्याला बसवा म्हणून. मी येतोच घरी."

"बस खाली," मी म्हणालो.

"आबा..."

"बस म्हणतो न्हवं! ज्योतिबा, पाणी काढ."

ज्योतिबानं कानाला हात लावले. "साहेब, तुमी हितं हुभं असताना? माझ्या हातनं असलं पाप व्हायचं न्हाई."

"तुझ्या हातनं कोण म्हणतंय? वस्तरा हिकडं आण. बाप मेला की पोराची मिशी जाती, व्हय ना? मग मेलेला बाप कवा वस्तरा धरतो का?"

ज्योतिबानं डोकं खाजवलं. "न्हाई धरत."

"मग झालं तर!"

दिग्दर्शक म्हणून जो होता तो चष्मेवाला धावत आला, म्हणाला, काका, हे कॅमेऱ्यात घेऊ का? म्हटलं, पलीकडं हो. हे तुमच्या पिक्चरचं नाही.

डोकं आधी केलं. यशराजचं जावळ काढलं तेव्हा तो त्याच्या मामाच्या मांडीवर होता आणि मी वरती बर्फात होतो. आज पहिल्यांदा त्याच्या टाळूवर पाणी लावलं. मागं एक जुनी खोक होती, कधी पडला होता कुणास ठाऊक, मला माहीत नव्हती. मग हनुवटी धरून तोंड वर केलं. त्यानं डोळे घट्ट मिटले होते. ओठावर वस्तरा ठेवला तेव्हा हात एकदा थांबला, पण मग चालला. कुठं कापलं नाही.

"दाढीपण तुमी बरी करताय की," ज्योतिबा म्हणाला. "माझी अर्धीच राह्यलीया," मी म्हटलं, तेव्हा यशराज हसला.

मग मरणाचा तो सीन झाला. मी बघितला. त्याचं आज लिहवत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

काल संध्याकाळची गंमत आधी लिहितो. यशराज सीन संपवून एसटीनं पुढं आला, मी ज्योतिबाच्या मागं मोटारसायकलवर. आष्ट्याच्या अलीकडं पंक्चर झाली, उशीर झाला.

इकडं भाऊसोच्या बायकोनं यशराजला एसटीतून उतरताना बघितलं. गोटा केलेला, मिशी नाही, डोळे सुजलेले, बरोबर बाप नाही. झालं! यशराज दमून आत जाऊन गाढ झोपला, ही रानात होती, विचारायला कोणी नाही. मी गल्लीत पोचलो तर दारात टोप्या घातलेले पुरुष बसलेले. भाऊसो मधोमध, धाय मोकलून रडत होता. "सोन्यासारखा माणूस गेला रं! कुणाला वाईट म्हणून बोलला न्हाई!"

मी म्हटलं, "कोण गेलं रं, भाऊसो?"

"आमचा नाथाजी..." म्हणाला आणि वर बघितलं. त्याची टोपीच खाली पडली. बाया किंचाळल्या. एका म्हातारीनं मला चिमटा काढून बघितला.

आमची चूल पेटायची नाही म्हणून दोन घरांतून पिठलं-भाकरी आली होती. परत न्यायला कुणी तयार होईना. माझ्या मयताचं पिठलं मीच खाल्लं, यशराजला शेजारी बसवून. मीठ कमी होतं. एक मात्र झालं, माझ्यामागं भाऊसो खरोखर रडेल का, अशी मला शंका होती, ती फिटली. आज सकाळी तो पुन्हा आला आणि ज्योतिबाला खोदून खोदून विचारत होता, शास्त्रात असं चालतं का म्हणून. ट्रंकेचं कुलूप मी काढलंय.

आता काल राहिलेलं.

तो मोठा नट तिरडीवर पडला होता, नाकात कापूस. यशराजनं यायचं, डोळे कोरडे ठेवायचे आणि सगळ्यांकडं बघून म्हणायचं, "आजपासनं गादी माझी." बस, एवढंच. तो आला. उभा राहिला. मग एकदम गुडघ्यांवर बसला, नटाच्या पायांना धरलं आणि बारीक पोराच्या आवाजात म्हणाला, "आबा, सुट्टी संपली का?"

दिग्दर्शकानं थांबवलं. "हे कुठून आणलंस? अरे, ह्याचा बाप गुंड आहे. गुंडाला कसली सुट्टी?"

"चुकलं, सर," यशराज म्हणाला. तोंड पुसलं, पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या वेळी बरोबर बोलला, कोरड्या डोळ्यांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर तो शेडभर मला शोधत होता, आबा, आबा अशा हाका मारत. मी बेदाणा वाळवायच्या जाळ्यांमागं उभा होतो. मला लवकर बाहेर येता आलं नाही.

पिक्चर येईल तेव्हा त्यात ते वाक्य नसणार. म्हणून इथं लिहून ठेवलंय.